वहिनीच्या दारातली टिकटिक

वहिनीच्या दारासमोर शंभरेक माणसं जमली होती. टिकटिक महाराजांच्या डाव्या हातात किरण टिपून टिकटिकणारी छोटी पेटी होती. शेजाऱ्यांच्या दारात तिने अधूनमधून एखादा ठोका दिला होता. वहिनीच्या उंबऱ्यावर मात्र ती तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी तडतडली.

“ऐकलंत?” महाराज म्हणाले. “आकाशातला जहरी किरण याच घरावर उतरतो. ही बाई त्याला बोलावते. परदेशी शास्त्रज्ञ हे आमच्या पायाशी बसून शिकलेत.” कुठल्या देशातले, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

त्या महिन्यात वस्तीतली तीन मुलं तापाने गेली होती. दोष द्यायला लोकांना कुणीतरी हवंच होतं. माझी वहिनी विधवा, एकटी, शिवणकामावर पोट भरणारी. पहिली काठी गॅरेजवाल्याने घातली. त्याची मुलगी गेली होती. वहिनीने डोक्यावर हात धरला. मनगट मोडल्याचा आवाज मला गर्दीतून ऐकू आला. मग तिला केसांना धरून रस्त्यावर फरफटत आणलं, तिचं शिलाई मशीन हातोड्याने फोडलं. मी मध्ये पडलो आणि दोन दात गमावून बसलो.

मी वस्तीबाहेरच्या विश्वकिरण प्रकल्पात कामाला आहे. तिथे माळभर आकाशातले किरण टिपणाऱ्या, पाण्याच्या बंद टाक्या मांडल्यात, त्यांची देखभाल माझ्याकडे. आमच्या मॅडम हे किरण आकाशात कुठून येतात, याचाच अभ्यास करतात. मी कसाबसा त्यांना फोन केला. त्या पोलिसांच्याही आधी पोहोचल्या. गाडीतून उतरताच कपाळावर दगड बसला. रक्त पुसत त्या वहिनीच्या पुढे उभ्या राहिल्या.

“महाराज, किरण कुठून येतो हे या एवढ्याशा पेटीला कसं कळलं?”

“दिव्यदृष्टीने.”

“मला ती नाही. प्रचंड ऊर्जेचा किरण हवेवर आदळला की कणांची सर पडते, कोसभर पसरते. कुठल्या टाकीत ती आधी पोहोचली, कुठल्या टाकीत नंतर, त्यावरून आम्ही दिशा काढतो. वीस वर्षं हेच करतेय, तरी उगम छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय पृथ्वी फिरते. आत्ता हिच्या छपरावर असलेला आकाशाचा तुकडा तासाभरात दुसऱ्याच गावावर जाईल. मग तिथे कुणाला मारायचं?”

मॅडम गॅरेजवाल्याकडे वळल्या. “तुमची मुलगी गेलीय. खरं काय ते तुम्हाला कळायला हवं. पेटी तुम्ही घ्या.”

महाराज उजवा हात पाठीमागे लपवत मागे सरकले. गॅरेजवाल्याने पेटी हिसकावून उंबऱ्यावर ठेवली. एक ठोका. बऱ्याच वेळाने दुसरा.

“आता यांनी लपवलेल्या या उजव्या बाहीजवळ न्या.”

पेटी तडतडायला लागली. गॅरेजवाल्याने बाही टराटरा फाडली. आत गॅसबत्तीच्या जुन्या जाळ्या शिवलेल्या होत्या.

“यांत थोरियम असतं, त्यातून किरण निघतात,” मॅडम म्हणाल्या. “ज्या दारात चमत्कार हवा, तिथे हा हात पेटीजवळ न्यायचा. अधूनमधून पडणारा ठोका मात्र सगळीकडेच पडतो. थोडे किरण जमिनीतून, थोडे आकाशातून येतच असतात.”

गॅरेजवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने तीच काठी महाराजांच्या तोंडावर हाणली. महाराज कोसळले आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. लाथा, दगड, हातात येईल ते. वहिनी भिंतीला धरून उठली.

“थांबा,” ती म्हणाली. “माझ्या वेळीही तुमची अशीच खात्री होती.”

ती ओरडली नव्हती. तरी काही हात थांबले, बाकीचे तेवढ्यात आलेल्या पोलिसांनी थांबवले.

पुढे डॉक्टरांनी वस्तीचं पाणी तपासलं. फुटलेल्या नळात गटाराचं पाणी शिरत होतं. मुलं विषमज्वराने गेली होती. महाराज तुरुंगात आहेत, गॅरेजवाला आणि आणखी सहाजणही. वहिनीचा उजवा हात आता कात्री धरू शकत नाही.

म्हणून सांगतो, कुणी एखाद्या घराकडे बोट दाखवलं तर आधी विचारा, कशावरून? यंत्र स्वतःच्या हातात घेऊन बघा. पाणी तपासून घ्या. प्रश्न काठी उचलण्याआधी विचारा. नंतर विचारून मोडलेलं मनगट सांधलं जात नाही.