सरळ केलेली पृथ्वी

आमच्या कुरुळीच्या शाळेतला पृथ्वीगोल सरळ उभा आहे, हे माझ्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला. वीस वर्षं शिकवतेय, पण डोळे कुठे होते कोण जाणे.

जूनमध्ये पोरांनी तो पाडला आणि स्टँड मोडला. तिसरीतल्या श्रद्धाचे वडील बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत वेल्डर. "द्या इकडं बाई, उद्या आणतो," म्हणाले आणि खरंच आणला. दांडी वाकडी दिसली, तशी त्यांनी गुण्या लावून काटकोनात सरळ वेल्ड करून दिली. वाकडं काम त्या माणसाला बघवतच नसे. मी न बघता गोल कपाटात ठेवला. गणपतीनंतर कंपनीनं त्यांना दक्षिण आफ्रिकेत नव्या प्लांटच्या कामावर पाठवलं. जाताना लेकीला सांगून गेले, "थंडी पडली की येतो."

तेव्हापासून श्रद्धा रोज प्रार्थनेआधी विचारायची, "बाई, आज थंडी आहे का?" दिवाळी झाली तरी वर्गात पंखा फिरत होता.

ऋतू शिकवायला गोल काढला, टेबलावर बल्ब लावला आणि बघते तर पृथ्वी ताठ! मी दांडी वाकवायला गेले, तशी श्रद्धा धावत आली. तिनं गोल दोन्ही हातांनी कवटाळला.

"नाही बाई! पप्पांनी सरळ केलाय. वाकडा करू नका."

मला राग लवकर येतो. "पृथ्वी अशी नसते," मी म्हणाले. "ती कललेली आहे, म्हणून सूर्याभोवती फिरताना कधी तिचा वरचा भाग सूर्याकडे झुकतो, कधी खालचा. झुकला तिथं उन्हाळा, दुसरीकडे थंडी. ही सरळ पृथ्वी फिरवून बघा, काय बदलतं ते."

प्रज्वलनं गोल बल्बभोवती फिरवला. "काहीच नाही बदलत, बाई."

"मग थंडी?"

"पडणारच नाही!"

पोरं हसली. श्रद्धा हसली नाही. आपण काय बोलून बसलो, हे मला घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरायच्या आधीच दारात. "बाई, करा वाकडा."

"पप्पांचा जोड कापावा लागेल गं."

"कापा. पण लवकर."

हा नुसता नमुना आहे, खरी पृथ्वी कललेलीच आहे, पप्पांनी काही बिघडवलेलं नाही, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं सगळ्याला मान डोलावली आणि तिथंच उभी राहिली. शेवटी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी धनेशच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो.

"कुणाचं काम हे?" धनेश जोडावरून अंगठा फिरवत म्हणाला. "भारी हाय. तोडायला जिवावर येतं."

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा श्रद्धानं डोळे गच्च मिटून घेतले. मीही दुसरीकडे बघितलं.

डिसेंबरात थंडी पडली, चांगली कडाक्याची. श्रद्धा स्वेटर घालून मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहायला लागली. असा आठवडा गेला. मग तिच्या आईनं, रश्मीनं मला बाजूला घेतलं. "त्यांची मुदत वाढवलीय, बाई. अजून एक वर्ष. हिला कसं सांगू?" मला राग आला, कुणाचा ते कळेना. "मी सांगते," मी म्हणाले आणि बुद्धरत्नांचा तिकडचा नंबर घेऊन ठेवला.

वर्गात गेले तर श्रद्धा गोलापाशी, बल्ब लावून. एक बोट आपल्या भारतावर, दुसरं आफ्रिकेच्या खालच्या टोकावर. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता.

"बाई, बघा ना. पप्पा खाली आहेत, बल्बकडे झुकलेले. तिकडं आत्ता उन्हाळा आहे. त्यांना कळलंच नसेल, आपल्याकडं थंडी पडलीय ते!"

उत्तर अगदी बरोबर होतं. एरवी मी शाबास म्हणाले असते. त्या क्षणी मलाच त्या माणसाची वाट बघावीशी वाटली.

"तुम्ही सांगता त्यांना?"

मी फोन लावला. पलीकडून बुद्धरत्न "हॅलो" म्हणाले आणि मनात जुळवलेलं सगळं मी विसरले.

"कुरुळीत थंडी पडलीय हो," एवढंच म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला.