नाल्यापासून एकोणीस घरं

"साहेब, नकाशा चुकलाय," धोंडिराम म्हणाला.

सर्व्हेयर पाटणकरांनी मान वर केली. घाटकोपरच्या त्या टेकडीवरून आठ दिवसांत पन्नासेक माणसं कचेरीत येऊन गेली होती. कोणी रडलं होतं, कोणी शिव्या घातल्या होत्या. थेट नकाशावर बोट ठेवणारा हा पहिलाच.

"तुम्ही काय करता?"

"नकाशेच बघतो. अठरा वर्षं झाली."

यात काही खोटं नव्हतं. परदेशी मासिकं मागवणाऱ्या एका कंपनीच्या अंधेरीतल्या गोदामात धोंडिराम गांगुर्डे शिक्के मारायचा. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. शेठने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, भारताचा नकाशा दिसला की आधी डोकं बघायचं. काश्मीर कापलेलं असलं की 'ही सरहद्द बरोबर नाही' असा शिक्का हाणायचा, मगच मासिक विकायला बाहेर जाणार. त्या साली, म्हणजे सत्त्याऐंशीत, चीनशीही कुरबुर चालली होती, त्यामुळे उजवा खांदा, म्हणजे अरुणाचलही नीट तपासावा लागे. देश मोठा होत चाललाय आणि त्याची इभ्रत आपल्या हातात आहे, असं धोंडिराम घरी येऊन बायकोला सांगायचा. "मग पगार वाढवायला सांगा की त्या देशाला," नंदा म्हणायची.

त्यांच्या ओळीच्या डोक्यावर एक भलामोठा कातळ होता. गेल्या पावसाळ्यात त्याचा तुकडा सुटला आणि तीन माणसं झोपेतच गेली. त्यानंतर कचेरीला जाग आली. नाल्यापासून मोजून एकोणीस घरं मालाडला हलवायची ठरली. धोंडिरामचं घर नाल्याला अगदी चिकटून, तरी यादीत नाव नव्हतं. पावसाळा दीड महिन्यावर आला होता.

"माझं घर तुम्ही नाल्याच्या पलीकडं टाकलंय," तो म्हणाला. "ते अलीकडं आहे. येऊन बघा ना एकदा."

पाटणकर माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी टेप आणि दोन माणसं घेऊन ते धापा टाकत टेकडी चढले. मोजणी झाल्यावर ऊन चुकवायला गांगुर्ड्यांच्या घरात बसले आणि ट्रंकेवर कागद पसरून त्यांनी लाल पेन्सिल काढली.

"चुकलंय खरं. एक नंबर, गांगुर्डे." नंदाने हात जोडले. पाटणकरांची पेन्सिल मात्र यादीच्या खालच्या टोकाला गेली. "म्हणजे शांताबाई राऊळ वीसवर गेल्या. त्यांचं नाव कटलं."

 हे धोंडिरामच्या लक्षातच आलं नव्हतं. अठरा वर्षं त्याने लोकांच्या सरहद्दी चूक ठरवल्या होत्या. बरोबर केलेल्या सरहद्दीच्या बाहेर कोण राहतं, ते बघायची वेळ कधी आली नव्हती.

शांताबाई मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो संपानंतर दोन वर्षांत गेला. मूल नाही. तोंडाने फटकळ, नळावर कोणाचं ऐकायची नाही. गणपतीचा प्रसाद सगळ्या ओळीत वाटायची, फक्त गांगुर्ड्यांचं दार सोडून. कारण जातीचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं; त्या घराचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता. नंदाच्या मनातून ते कधी गेलं नव्हतं.

शांताबाई दाराबाहेर येऊन उभी राहिली. "माका भायर काढलास?"

"बाई, जागाच एकोणीस आहेत," पाटणकर म्हणाले.

"आणि कातळ काय मोजून पडतलो?"

धोंडिरामने नंदाकडे पाहिलं. मालाडची जागा दहा बाय पंधराची. त्यात मोरी कुठे, मांडणी कुठे, ते नंदाने रात्रंदिवस ठरवून ठेवलं होतं.

"माझ्याकडं काय बघताय?" नंदा चिडून म्हणाली. "सांगा त्यांना लिहायला."

"साहेब," धोंडिराम म्हणाला, "माझ्या कुटुंबात अजून एक नाव घ्या. शांताबाई. नातं, बहीण."

पाटणकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही गांगुर्डे, या राऊळ. बहीण कशी?"

एव्हाना सगळी ओळ जमली होती. हे नातं खोटं आहे, ते सगळ्यांना माहीत होतं.

शांताबाईने पदर खोचला. "लगीन झाला माझा. आडनाव बदलतलाच मा?" मग तिचा आवाज खाली आला. "घोव गेलो. आता भावाकडे नाय तर खंय जातलंय?"

पाटणकरांनी नाव लिहिलं आणि अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. शाईचा पॅड आत ट्रंकेवर होता. शांताबाईने चपला बाहेर काढल्या आणि ती आत आली.