साखर खाल्लेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये, कल्पनाबाईंच्या घरी, शिलाई मशीनशेजारी मी लुगड्याचा तुकडा पांघरून बसलेला असतो. तुमच्या मोबाइलमधले दहा-बारा फोटोही माझ्या पोटात मावणार नाहीत. पण एके काळी माझ्या खोलीत शिरताना मोठमोठे अधिकारी दाराबाहेर चपला काढत.

पस्तीस वर्षांपूर्वी मी एका सरकारी कार्यालयात आलो. साहेबांना पंखा आणि मला एसी, असा माझा थाट होता. नागपूरकडचे विलासबाबू मला चालवत आणि शिपाई कल्पनाबाई मला रोज कोरड्या फडक्याने पुसत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली होती. अंगठा उठवून त्या पगार घेत. एकदा पुसता पुसता त्यांच्या बोटाखाली कळ दबली आणि काचेवर हिरवे अक्षर उमटले.

"हे काय झालं, बाबू? बिघडलं का?"

"बिघडलं नाही. 'क' आहे तो. तुमच्या नावातलं पहिलं अक्षर, कल्पनाबाई."

फडके तसेच हातात राहिले. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या रोज एक अक्षर शिकू लागल्या. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपले नाव लिहिले. मग एका मंगळवारी, खोलीत कुणी नसताना, त्यांनी चार ओळी लिहिल्या. मोठे साहेब दर रविवारी त्यांना बंगल्यावर भांडी घासायला बोलावत, त्याबद्दल होत्या त्या ओळी. त्यात काय होते, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. त्यांनी ते विश्वासाने माझ्यापाशी ठेवले होते.

गुरुवारी खंडेनवमी आली. मला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. सगळे निघून गेल्यावर कल्पनाबाई पुन्हा आत आल्या. "ज्यानं अक्षरं दिली, त्याचं तोंड गोड नको करायला?" असे म्हणत त्यांनी फ्लॉपी घालायच्या माझ्या फटीत चमचाभर साखर ओतली!

दर शनिवारी माझ्यातले सारे लिखाण फ्लॉपीवर उतरवून मुख्य कार्यालयात पाठवले जाई. त्या शनिवारी फ्लॉपी आत जाईना. विलासबाबूंनी वाकून पाहिले, तर मुंग्यांची रांग लागलेली.

"कल्पनाबाई, हा संगणक आहे की साखर कारखाना?"

माझ्या दुरुस्तीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. तेवढ्यात नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो. पुष्कळ वर्षांनी लिलावात विलासबाबूंनी मला भंगार म्हणून घेतले आणि कल्पनाबाई निवृत्त झाल्या तेव्हा स्कूटरवर बांधून त्यांच्या घरी पोचवले. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या मला कुंकू लावतात, क्षणभर चालू करतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. एरवी माझी आठवण कुणाला नसते.

यंदा त्यांच्या नातीला, शमिकाला, सरकारी संगणक विभागात नोकरी मिळाली. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होते. चहा पिताना ती सांगू लागली, "आजी, तिथे कपाटांएवढी हजारो यंत्रं आहेत. लोक इंटरनेटवर काय लिहितात ते चाळतात. संशयाचा शब्द दिसला की बाजूला काढतात."

"जुनं बी सापडते?"

"जुनं तर आधी सापडतं!"

कल्पनाबाईंचा चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कबाडीवाल्याला बोलावले. माझ्याभोवती दोरी आवळली जात असतानाच शमिका परतली.

"आजी, अगं, याला काहून काढतेस? जीव आहे ना तुझा याच्यावर!"

कल्पनाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, एका मंगळवारी मी साहेबाबद्दल लई वंगाळ लिवलं होतं याच्यात. दर शनिवारी याच्यातलं मोठ्या हाफिसात जायचं. तिथून तुझ्या त्या यंत्रात गेलं असलं, तर माझ्या पायी तुझी नोकरी जाईल."

मला खरे काय ते ठाऊक होते. पण आम्हा यंत्रांना विचारल्यावाचून बोलता येत नाही.

शमिकाने दोरी सोडली आणि पेचकसाने माझे झाकण उघडले. "याला इंटरनेटची तारच नाही. कधी नव्हतीच." मग तिने मला चालू केले. तिसऱ्या खेपेला मी घरघरलो आणि तारखांची यादी दाखवली.

"पंधरा ऑक्टोबरला लिहिलंस तू. मंगळवार होता म्हणतेस. आणि तू नेहमी सांगतेस ती साखर कधी घातलीस?"

"गुरुवारी. खंडेनवमीला."

शमिकाने फ्लॉपी घालायचे माझे तोंड बाहेर ओढले. आत साखरेचा तपकिरी खडा होता आणि सहा वाळलेल्या मुंग्या.

"मग शनिवारी काय जाणार, डोंबल? तुझ्या साखरेनंच याचं तोंड बंद केलं, आजी! एक अक्षर बाहेर गेलं नाही."

कल्पनाबाई हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"अम्मा, ले जाऊँ कि नहीं?" कबाडीवाल्याने विचारले.

"नाही रे भैया. चाय पी, और जा."

शमिकाचे बोट माझ्या कळीवर थांबले. "आजी, वाचू का?"

"नको."

"बरं." तिने खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. कल्पनाबाईंनी काचेवर बोट फिरवत आपल्या चार ओळी वाचल्या. "खरंच लिवलं होतं मी," एवढेच त्या म्हणाल्या. पुसले मात्र काहीच नाही.

मित्रांनो, त्या कपाटांएवढ्या यंत्रांपुढे मी किती लहान! माझ्या उभ्या आयुष्यातले लिखाण ती डोळ्याचे पाते लवायच्या आत चाळतील. पण शमिकाने आजीला जे विचारले, ते त्यांना कुणी शिकवले आहे की नाही, कोण जाणे. तुम्ही तरी शिका. जुन्या यंत्राला कोरड्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्याचे लिहिलेले उघडण्याआधी एकदा विचारा.

व्हेरिफिकेशन सुरळीत पार पडले. नोकरीच्या पहिल्या दिवशी कल्पनाबाईंनी शमिकाच्या हातावर दही-साखर ठेवली. चमच्यात चिमूटभर साखर उरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"याला नको," त्या म्हणाल्या आणि ती स्वतःच्या तोंडात टाकली. "याचं खाऊन झालंय."