शमिकाचा गार पाण्याचा शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, शर्टाला कसली आली भीती? पण मी साधासुधा शर्ट नाही. माझ्या छातीवर आणि पाठीवर बारीक नळ्या शिवलेल्या आहेत. शर्यतीची गाडी चालवणारा माणूस मला अंगात घालतो, वरून आग न लागणारा जाड सूट चढवतो, आणि एक छोटा पंप बर्फाच्या पेटीतलं पाणी माझ्या नळ्यांतून फिरवत राहतो. शर्यतीच्या गाड्यांत बहुधा एसी नसतो. इंजिनाची धग पायाशी आणि ऊन डोक्यावर. उन्हाळ्यात आतला माणूस अक्षरशः उकडून निघतो. त्याला गार ठेवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म जर्मनीत, न्युरेम्बर्गजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. शिवणाऱ्या बाईंनी माझ्यात पाणी सोडून पाहिलं, कुठे गळत तर नाही ना. तेव्हाही मी घाबरलोच होतो. मग मी तिथल्याच नेकारसुल्म गावी शमिकाकडे आलो. शमिका मूळची पुण्याची, नेकारसुल्ममध्ये मोटारींच्या कामावर इंजिनियर. आठवडाभर ऑफिस आणि सुट्टीला हौशी लोकांच्या शर्यती. तिचा नवरा गौरांग पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागी, उभा राहून रेडिओवर तिच्याशी बोलायचा. शर्यत संपली की ती मला स्वतःच्या हाताने धुवायची आणि म्हणायची, "आज तू होतास म्हणून निभावलं रे." फुशारकी मारत नाही, पण त्या उन्हाळ्यांत माझं फार कौतुक झालं.

मला तिच्या छातीचे ठोके ऐकू येत. गाडीबाहेरच्या कुणालाही ते ऐकू येत नसत. म्हणून तर मी सारखा धास्तावलेला असे.

२०१५ चा जुलै आला आणि ऊन नुसतं भाजून काढू लागलं. शमिकाचे सासरे भास्करराव तेव्हा पुण्याहून आले होते. रिकामं बसणं त्यांना जमत नसे. त्या रविवारी ते म्हणाले, "बर्फाची पेटी आज मी भरतो." पेटीत फक्त बर्फ आणि पाणी घालायचं असतं. पण भास्कररावांनी दर उन्हाळ्यात आईस्क्रीमचा पॉट फिरवलेला. बर्फात खडे मीठ घातलं की आणखी गारवा येतो, हे त्यांच्या हातात बसलेलं. सुनेला जरा जास्त गार वाटावं म्हणून त्यांनी घरातलं डिशवॉशरचं, म्हणजे भांडी धुण्याच्या यंत्रात घालायचं, जाडं मीठ पिशवीतून आणलं आणि कुणाला न सांगता पेटीत भरपूर ओतलं. हे सगळं मला मागाहून कळलं.

शर्यत सुरू झाली. पाणी माझ्यात शिरलं आणि मी हादरलो. ते गार नव्हतं, चावत होतं. शमिकाची कातडी आखडली, दात वाजू लागले.

तेवढ्यात रेडिओवर भास्कररावांचा आवाज आला. "शमिका, गार वाटतंय ना गं? आज पेटी मी भरलीय!"

"हो बाबा, एकदम मस्त!"

मित्रांनो, ती चक्क खोटं बोलली. सासऱ्यांनी एवढ्या हौसेने केलेलं, त्यांना कसं दुखवायचं? मला मात्र कापरं भरलं.

थोड्या वेळाने मिठाचे खडे पंपाच्या तोंडाशी जाऊन बसले. पंप गुरगुरला आणि बंद पडला. माझ्यातलं पाणी जागच्या जागी थांबलं. आधी कोमट झालं, मग गरम. तिला गार ठेवणारा मी, मीच तिला शिजवू लागलो.

"शमिका, बाबा विचारतायत, अजून गार आहे ना?" गौरांगने विचारलं.

"हो, हो. छान आहे."

तिचे ठोके धावत सुटले. मग तिचा घाम आटू लागला. एवढ्या उकाड्यात घाम आटणं ही किती वाईट खूण आहे ते मला ठाऊक होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण कापडाचं ओरडणं कोण ऐकणार? एका वळणावर तिने ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी खडीत घसरून कशीबशी परत रस्त्यावर आली. आता ही मरणार, असं मला वाटलं.

"शमिका, काय झालं?"

"काही नाही. बाबांना सांग... मस्त आहे." तिची जीभ जड झाली होती.

 तिची ती जड जीभ ऐकून भास्कररावांनी रेडिओ हातात घेतला. "शमिका, ऐक. मी त्यात मीठ घातलंय. माझं चुकलं, बाळा. मला काही वाटणार नाही. खरं सांग, काय होतंय?"

"बाबा... मला नीट दिसत नाहीये. खूप गरम होतंय."

"गाडी आत घे! हळू, मी सांगतो तशी!" गौरांग ओरडला.

त्याच्या आवाजाच्या आधाराने ती आत आली. गाडीतून तिला उचलूनच काढावं लागलं. सूट उघडून शर्यतीवरच्या डॉक्टरबाईंनी मला कात्रीने उभा कापला. नळ्या तुटल्या, गरम पाणी वाहून गेलं. तिच्या अंगावर बर्फाचे टॉवेल पडले आणि ठोके हळूहळू शांत झाले. मी तेव्हा फाटका झालो होतो, तरी मला फार बरं वाटलं.

शमिकाने मला टाकून दिलं नाही. पण फाटका शर्ट काय कामाचा? माझ्या जागी नवा आला आणि मी कपाटात पडलो. दिवसचे दिवस कुणी माझ्याकडे बघत नाही.

परवा कपाटाचं दार उघडं होतं. शमिका पुण्याला फोनवर बोलत होती. "बाबा, तब्येत कशी आहे?"

"उत्तम! मला काय धाड भरलीय?"

मित्रांनो, तो सूर मी ओळखला, शर्यतीत शमिकाने 'मस्त आहे' म्हटलं होतं तोच.  शमिकानेही ओळखला असावा, ती हलकेच म्हणाली, "बाबा, मला काही वाटणार नाही. खरं सांगा."

 मग ते म्हणाले, "छातीत दुखतंय गं. तुम्ही लांब, उगाच घोर लागेल, म्हणून बोललो नाही."

शमिकाने लगेच तिथल्या शेजाऱ्यांना फोन लावला आणि बोलत बोलत खोलीबाहेर गेली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी इथे अंधारात भीतीने गोळा होऊन पडलो आहे. म्हणून हात जोडून सांगतो, आपल्या माणसांना वाईट वाटेल म्हणून 'मस्त आहे' म्हणू नका. त्या दिवशी मला बोलता आलं असतं, तर मी पहिल्याच फेरीत सांगितलं असतं. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.