दौंडला जाऊन आलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, माझे आयुष्य मी चार पायांवर सांगणार आहे, पण ओळीने नाही. माझा तिसरा पाय मागाहून बसवलेला आहे आणि त्याला माझे म्हणणे पटत नाही. त्याला शेवटी बोलू देऊ.

पहिला पाय

वडगाव रासाईच्या मळ्यातली बाभूळ तोडून सुताराने मला घडवले. सावळारामने अंबाडीचे सुंभ वळून मला विणले. पाहुणे म्हणायचे, वीण असावी तर अशी. पुढे त्याच्या बायकोची, झुंबरबाईची, कंबर दुखू लागली. तेव्हा त्याने मला तिच्या स्वाधीन केले आणि स्वतः शेजारी घोंगडीवर झोपू लागला.

झुंबरबाई घोरायची. भिंतीपलीकडचा भिमाजी सकाळी विचारायचा, "सावळाराम, राती गिरणी चालू व्हती का?"

बाईमाणूस घोरते हे कळले असते, तर पाणवठ्यावर बायका तिला हसल्या असत्या. म्हणून सावळाराम म्हणायचा, "व्हय, माझं नाकच तसलं."

ती आपल्याच आवाजाने दचकून उठली, तरी हा म्हणायचा, "मी घोरलो गं. झोप."

खरे काय ते त्याला ठाऊक आणि मला.

दुसरा पाय

मग तिचा आवाज मध्येच तुटू लागला. घोरणे थांबे आणि श्वासही थांबे. सावळाराम उठून तिच्या नाकापुढे बोटे धरी. श्वास परत आला की आडवा होई. एखाद्या वेळी तो परत आलाच नाही तर? दिवसा ती भाकरी करता करता पेंगायची. एकदा हात तव्यावर टेकला आणि भाजला.

"नाक चोंदतं म्हणून कुणी डाक्टरकडं जातं व्हय?" ती म्हणायची. "घोरता तुम्ही. तुम्हीच जा."

"बरं, जातो. तू संगं चल."

नाक-कान-घशाचे एक डॉक्टर पुण्याहून दर गुरुवारी दौंडला यायचे. कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढून त्यांनी सावळारामचे नाक पाहिले, घसा पाहिला. घरी येऊन झुंबरबाईने सारे शेजारणीला सांगितले, ते मी ऐकले.

"मामा, नाक तर स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "झोपेत पाहिल्याशिवाय काय सांगू?"

"परक्या जागी मला झोप येत न्हाई. फुडच्या गुरवारी बाज घिऊन येतो."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली.

चौथा पाय

पुढच्या गुरुवारी होडीत मला उलटे ठेवले. चारही पाय आभाळाकडे. नदीपलीकडे बैलगाडी, पुढे केडगावला रेल्वे.

"ही कुठं निघाली?" गार्डने विचारले.

"डाक्टरकडं."

"हिला काय झालंय?"

"झोप लागत न्हाई तिला."

गार्डने आपल्या डब्यात जागा करून दिली.

दवाखान्याच्या ओसरीवर सावळाराम डोळे मिटून माझ्यावर पडला. जागाच होता, मला कळत होते. मग उठून झुंबरबाईला म्हणाला, "न्हाई लागत. तू दमलीस, जरा टेक."

"लोक बघतील."

"मी हाय की हितं."

पदर डोक्यावर ओढून ती आडवी झाली आणि लगेच झोपली. ओसरी दणाणली. डॉक्टर बाहेर आले. सावळारामने ओठांवर बोट ठेवले. तेवढ्यात आवाज तुटला. त्याने डॉक्टरांचे मनगट घट्ट धरले. श्वास परत येईपर्यंत दोघे तसेच उभे राहिले.

ती उठल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, घोरणाऱ्याच्या घरातल्या माणसाचंही नाक पाहावं लागतं."

"ह्यांच्यापायी काय काय सोसायचं," म्हणत ती डॉक्टरांच्या आरशापुढे बसली.

तिच्या नाकात सोललेल्या द्राक्षांसारखे मांस वाढले होते. डॉक्टरांनी नाक बधिर केले आणि तारेच्या फासाने ते काढले. सावळारामला औषध म्हणून खडीसाखर दिली.

तिसरा पाय

मी कडुनिंबाचा. परतताना केडगावला जुना पाय मोडला, म्हणून मी आलो. हे तिघे सांगतात त्यातले मी काही ऐकलेले नाही. या घरात कुणी घोरत नाही. मी ऐकले ते एवढेच.

एका दुपारी सावळाराम पायथ्याची दोरी आवळत होता. झुंबरबाई म्हणाली, "आवं, तुमच्या नाकातनं तर काय काढलं न्हाई. मग घोरणं कुणाचं थांबलं?"

"खडीसाखरंचा गुण."

तिने स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. तेवढ्यात अंगणातून भिमाजी म्हणाला, "सावळाराम, गिरणी कायमची बंद का रं?"

"गिरणी माझी व्हती, भाऊजी," झुंबरबाई दारात जाऊन म्हणाली. "ह्यांनी नुसती आपल्या नावाची पाटी लावली व्हती."

भिमाजी हसला. मग तीही हसली. सावळारामने मान वर न करता दोरीला आणखी एक पीळ दिला.

मित्रांनो, आता आम्ही चौघे एकमताने सांगतो. घरातली बाज सैल पडली की आवळून घ्या. आणि कुणी घोरत असेल तर हसण्याआधी थोडे थांबा, त्याचा श्वास नीट येतो ना, तेवढे ऐका.