ताकदीच्या गोळ्या

"आईला सांगायचं नाही," असं पहिल्यांदा कोण म्हणालं, हे नंतर त्या घरात कुणालाच आठवेना. मुलगा म्हणायचा, ताई म्हणाली. ताई फोनवरून म्हणायची, तुझी बायको म्हणाली. आणि बायको म्हणायची, सगळ्यांच्याच मनात होतं ते, मी फक्त बोलून दाखवलं. तिचं म्हणणं खरं होतं. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर आपणही हेच म्हटलं असतं. आजारी माणसाच्या खोलीबाहेर आपण पाचजण जमतो, पाचहीजण कुजबुजतो, आणि आत गेल्यावर तोंडभर हसून "काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे" असं सांगतो. याला आपण माया म्हणतो आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतो.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून ओळखीचे सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. माणूस कामाला चोख. लिफ्टला हात लावण्याआधी इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर स्वतः जिने चढून 'काम चालू आहे, दार उघडू नये' अशी पाटी अडकवायचा. एकदा एका इमारतीच्या सेक्रेटरीने पाहुणे येणार म्हणून पाट्या काढून ठेवल्या, तेव्हा हा शांत माणूस जिन्यात उभा राहून ओरडला होता, "तुम्हाला वाईट दिसतं म्हणून पाटी काढता? कुणी दार उघडून आत पाऊल टाकलं म्हणजे?" सेक्रेटरीने मुकाट्याने पाट्या परत लावल्या होत्या.

त्याची आई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, लांब झालेल्या पँटी. तिच्या गळ्यात मोजायची टेप चोवीस तास लटकलेली, म्हणून गल्लीत तिचं नाव टेपकाकू. चार महिन्यांपूर्वी गणवेशांना इस्त्री करताना तिच्या छातीत कळ आली, डावा हात भरून आला आणि ती घामाने निथळली. हॉस्पिटलात मनगटातून बारीक तार घालून तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन नळ्या जवळजवळ बुजल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच वेळी त्या फुग्याने उघडल्या आणि पुन्हा बुजू नयेत म्हणून आत दोन स्टेंट बसवले. स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची इवलीशी नळी. कागदावर सही लिफ्टवाल्याने केली.

आता हे आईला कसं सांगायचं? तिचा नवरा हृदयविकारानेच गेला होता, तोही तिच्यासमोर, पाण्याचा पेला हातात असताना. 'हृदय' हा शब्द निघाला तरी ती उठून आत जायची. "तिला कळलं तर त्या धसक्यानेच जाईल," असं ताई म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. आईला सांगण्यात आलं, तपासणी झाली, सगळं ठीक आहे, अशक्तपणा आहे, गोळ्या घ्यायच्या. पुढच्या तपासण्यांना लिफ्टवाला आईच्या मागे उभा राहून डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावायचा. डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसलेली. तेही मान हलवायचे आणि म्हणायचे, "छान, गोळ्या चालू ठेवा."

गोळ्यांच्या पाकिटावर भलतंसलतं छापलेलं असतं. म्हणून सून दर रविवारी त्या एकेक करून सोलायची आणि जुन्या टॉनिकच्या बाटलीत भरायची. बाटलीवर लेबल होतंच, 'ताकदीसाठी'. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या एक दिवसही चुकवायच्या नसतात, हे सुनेला तोंडपाठ होतं. शेजारणीलाही सांगून ठेवलं होतं, लक्ष ठेवा म्हणून. शेजारणीने इस्त्रीवाल्याला सांगितलं, टेपकाकूला जड गठ्ठा उचलायला लावू नकोस म्हणून. इस्त्रीवाल्याने दूधवाल्याला सांगितलं, का ते देवच जाणे. थोडक्यात, टेपकाकूच्या छातीत काय आहे ते टेपकाकू सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक झालं.

आणि मग तिची दाढ दुखू लागली.

एवढ्याशा कामासाठी मुलाचा खाडा कशाला, म्हणून ती एकटीच दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं रीतसर विचारलं. ब्लडप्रेशर? नाही. साखर? नाही. हृदयाचं काही? "छे! मध्ये तपासणी झाली, सगळं ठीक निघालं." रक्त पातळ करायच्या गोळ्या? "नाही बाई, मी फक्त ताकदीच्या घेते." यातलं एकही वाक्य तिच्यापुरतं खोटं नव्हतं. दाढ काढली.

रक्त थांबेना. दुपारपर्यंत दोन टॉवेल भिजले, ते तिने सुनेच्या नजरेस पडायच्या आत धुऊन टाकले. दुसऱ्या दिवशी कुठे ते आटोक्यात आलं. आईने खुर्चीत बसून डोकं चालवलं, आणि तिचं डोकं भलतंच चालायचं. ताकदीच्या गोळ्यांनी अंगात रक्त जास्त झालंय, हे तर उघड आहे! तिने त्या गोळ्या बंद केल्या. सुनेने विचारलं, "आई, गोळ्या घेतल्या ना?" की ती "घेतल्या गं" म्हणायची आणि दोन गोळ्या कुंडीतल्या मातीत खोचायची. ताकदीच्या गोळ्यांवरून घरात वाद कशाला घालायचा?

नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता ती शिवणयंत्रावरच कोसळली.

हॉस्पिटलाच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर, लिफ्टवाला बाकावर बसला होता. त्याने कागदावर सही केली, ती कशी केली हे त्याला आठवत नव्हतं. बायको शेजारी रडत होती. आपल्यालाही रडू यायला हवं, असं त्याच्या मनात आलं, पण येईना. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. समोरची लिफ्ट त्या मजल्यावर थांबताना बोटभर खाली थांबत होती. प्रत्येक वेळी चाकाच्या खुर्चीला धक्का बसत होता. तेवढंच त्याला नीट दिसत होतं.

दार उघडून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"रक्तदाब सावरलाय. जुन्या स्टेंटमध्ये गुठळी झाली होती, ती काढली. हृदयाचा काही भाग मात्र गेला. तो परत येणार नाही." त्या थांबल्या. "गोळ्या कधीपासून बंद होत्या?"

"बंद नाहीत हो," सून म्हणाली. "मी स्वतः भरते. रोज विचारते."

"नऊ दिवस. त्यांनीच सांगितलं आत. त्या म्हणाल्या, ताकदीच्या होत्या, दाढ काढल्यावर रक्त थांबेना, रक्त फार वाढलं म्हणून सोडल्या." सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्यांना माहीतच नाही?"

लिफ्टवाला म्हणाला, "नाही." आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्याच्या शेजारी बाकावर टेकल्या.

"सव्वीस वर्षं मी या दाराशी आहे," त्या म्हणाल्या. "रोज कुणीतरी कानात सांगतं, सिस्टर, पेशंटला बोलू नका. वडिलांना नको, बायकोला नको, आजीला तर नकोच. सगळे प्रेमानेच सांगतात. पण मला सांगा, दातांच्या डॉक्टरकडे कोण गेलं होतं? तुम्ही की त्या?"

"ती."

"उद्या जिन्यात छाती दुखली तर कोणाला कळायला हवं, की हे पित्त नाही?"

त्याची नजर जिन्याकडे गेली.

"आम्ही तार घालतो, फुगा फुगवतो, जाळी बसवतो. आमचं काम तासाभराचं. पुढची सगळी वर्षं त्या जाळीची राखण पेशंटच करतो. राखणदाराच्याच डोळ्यांवर तुम्ही पट्टी बांधलीत. आता ऐका. तिसरी एक नळी अरुंद आहे. परवा ती उघडायची, असं डॉक्टर म्हणतायत. आज जीव वाचवायची घाई होती, तुमची सही चालली. परवाच्या कागदावर सही त्यांची लागेल, आणि सगळं समजून केलेली लागेल. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही. छाती त्यांची आहे."

एवढ्यात ताईचा फोन आला. तिचं रडणं थांबत नव्हतं. "ऐक, आत्ता काही बोलू नकोस तिच्याशी. आधी बरी होऊ दे. पुन्हा तपासणीच म्हण. हे ऐकून तिला काही झालं तर मी तुला..."

लिफ्टवाला समोरच्या लिफ्टकडे बघत होता. ती पुन्हा बोटभर खाली थांबली. आतली म्हातारी बाई खाली बघून, जपून पाऊल उचलून बाहेर आली. तिला पायरी दिसली होती, म्हणून ती पडली नाही.

"ताई," तो म्हणाला, "मी पाटी काढली होती."

"काय?"

"पाटी काढली होती मी! माझ्याच आईच्या दारावरची! वाईट दिसतं म्हणून!" व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. त्याने फोन बायकोच्या हातात दिला.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. आईच्या नाकात नळी होती, मनगटावर पट्टा होता, आणि गळ्यात टेप नसल्यामुळे ती कुणीतरी परकी दिसत होती.

"कसली रे तपासणी होती या वेळी?" तिने विचारलं.

ठीक आहे सगळं, हे तीन शब्द सवयीने त्याच्या जिभेवर आले होते. ते त्याने गिळले आणि पहिल्यापासून सांगितलं. इस्त्रीच्या दिवसाची कळ, दोन नळ्या, दोन स्टेंट, खोटी बाटली, डॉक्टरांना केलेल्या खुणा. तिने मधे एकदाही अडवलं नाही. यंत्रावरची हिरवी रेघ वरखाली होत राहिली. तिला काही झालं नाही.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"ताईला. हिला. शेजारच्या काकूंना."

"आणखी?"

"इस्त्रीवाल्याला," तो म्हणाला. "बहुतेक दूधवाल्यालाही."

"वा!" आई म्हणाली. "माझ्या छातीत काय आहे ते दूधवाल्याला माहीत! आणि मी आपली कुंडीत गोळ्या पुरतेय!" तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. "तुझे बाबा गेले तेव्हा मी घाबरले, कारण मला काहीच माहीत नव्हतं. हातात पेला होता आणि माणूस गेला. काय झालं, का झालं, काय करायला हवं होतं, कुणी सांगितलंच नाही. मला शब्दाची भीती नव्हती रे. तुम्ही सगळे तो शब्द आला की गप्प व्हायचात, त्याची भीती होती."

त्याने उशाशी ठेवलेली फाइल मांडीवर घेतली.

"केवढे आहेत ते?"

"काय?"

"स्टेंट रे. केवढे लांब?"

त्याने फाइल उघडून बघितलं. "चोवीस मिलिमीटर. दोन्ही."

"माझी पर्स दे."

सुनेने सकाळी गळ्यातून काढून ठेवलेली टेप तिने पर्समधून काढली. सुया टोचलेला हात नीट उचलला जात नव्हता. चोवीस मिलिमीटरवर तिने अंगठ्याचं नख ठेवलं आणि ते अंतर बराच वेळ बघत राहिली.

"इंचाला कमीच की," ती म्हणाली. "एवढंसं लपवलंत होय."

त्या नखाकडे बघता बघता लिफ्टवाल्याला, सकाळपासून पहिल्यांदा, रडू आलं. तिने त्याला थांबवलं नाही. समजूतही घातली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना पलंगाजवळ बसवून घेतलं. कागदाच्या पाठीमागे हृदय काढून दाखवायला लावलं. नळी उघडली नाही तर काय, उघडली तर धोका काय, गोळ्या किती महिने, दात काढायचा तर कोणाला विचारायचं, सगळं विचारलं. दाराबाहेर चाळीस माणसं होतीच, पण डॉक्टर पंधरा मिनिटं बसले. मग तिने स्वतः सही केली, गणवेशांच्या पावतीवर करते तशी, पूर्ण नावाने.

आज ती घरी आहे. शिवणयंत्राला मोटर बसवावी लागली, कारण पायाने चालवलं तर धाप लागते. हृदयाचा गेलेला भाग गेलाच. तिने मुलाला माफ केलं का, हे तिने सांगितलेलं नाही, आणि त्याने विचारलेलं नाही. गोळ्या आता त्यांच्या स्वतःच्या पाकिटात असतात, आणि ती त्या मोजून घेते. पर्सच्या आत तिने एक छोटा खिसा शिवलाय. त्यात तिच्या अक्षरातलं कार्ड आहे: 'माझ्या हृदयात तीन स्टेंट आहेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या गोळ्या थांबवू नयेत.' टॉनिकच्या बाटलीत बटणं भरली आहेत. लेबल तिने मुद्दाम ठेवलंय, घरातल्यांनी रोज बघावं म्हणून.

वाचकहो, तुमच्याही घरात कदाचित अशी एखादी बाटली असेल. कुणाचा तरी रिपोर्ट कपाटात साड्यांखाली, नाहीतर तुमच्या फोनमध्ये दडवलेला असेल. तो दडवताना तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य. लिफ्टवाल्याचाही नव्हता. पण ज्याचं शरीर, त्याचा आजार. त्याची माहिती त्याच्या हक्काची आहे, आपल्या मायेपोटी कुलूपबंद करून ठेवायची वस्तू नव्हे. हळू सांगा, जवळ बसून सांगा, हात हातात घेऊन सांगा. पण दूधवाल्याच्या आधी त्यालाच सांगा.