सीडी गिळलेली गाडी

"सीडी अडकली? हात्तिच्या! दोन मिन्टांत भाएर काढतो बघ," येडगावच्या सुदर्शननं आईला छाती पुढं काढून सांगितलं.

"नगं रं बाबा," ठमाबाई कळवळली. "ह्याच पायी सून माहेरी जाऊन बसलीया."

ते खरंच होतं. घरात जे जे धड चालायचं, ते सुदर्शन उघडून बघायचा आणि मग ते चालायचं बंद व्हायचं. मिक्सर गेला, टीव्ही गेला, पाण्याची मोटर गेली. गिझर गेला त्या दिवशी अश्विनी माहेरी, मढला निघून गेली. आज तिचा फोन आला होता. "न्यायला या. पण परत कशाला पाना लावलेला दिसला, तर तशीच मागं फिरंन."

तिला खूश करायचं म्हणून यानं तिच्या आत्यानं म्हटलेल्या हळदीच्या गाण्यांची सीडी गाडीत घातली. गाडी जुनी, प्लेअर त्याहून म्हातारा. सीडी गिळून गप बसला.

सुदर्शननं बटण दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. चिमटा घालून बघितला. मग मोबाईलवर कुणीतरी दाखवलं म्हणून दुसऱ्या सीडीला दोन्हीकडनं चिकटणारी पट्टी लावली आणि पहिलीला चिकटवून ओढायला आत सारली. आता आत दोन सीड्या झाल्या.

"ह्ये खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीचं काम," तो घाम पुसत म्हणाला. "तिच्यापायी मशिनी बिघडत्यात."

"मिक्सर बी तिनंच जाळला व्हय रं?"

सुदर्शनचं डोकं फिरलं. त्यानं स्वयंपाकघरातनं उलथनं आणलं. अश्विनीच्या रुखवतातलं, तिचं नाव घातलेलं. फटीत खुपसून जोर लावला. टोक आत गेलं, दांडा हातात आला. मग मात्र त्यानं अख्खा डॅशबोर्ड उचकटला, तीन वायरी सोडल्या आणि चार जोडल्या. तेव्हापासून काच खाली करायचं बटण दाबलं की वायपर फिरायला लागले.

उशीर झाला होता. डॅशबोर्ड दाबून बसवला, दांडा पिठाच्या डब्यात लपवला, फटीवर झेंडूची माळ सोडली आणि मढ गाठलं.

अश्विनीनं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. "कशाला हात लावला न्हाई ना?"

"शप्पथ! पाना कुठं ठिवलाय त्ये बी इसरलोय."

ती बसली. माळ बघून जराशी हसलीसुद्धा. सासऱ्यानं, गेणूनं, लेकीच्या बाजूचं दार धाडकन आपटलं. "दमानं जावा, पावणं."

त्या दणक्यानं प्लेअरमध्ये खरखर झाली. माळ हलली. एकमेकींना चिकटलेल्या दोन सीड्या बाहेर आल्या, आणि त्यांच्या मागून उलथन्याचं टोक.

अश्विनीनं ते उचलून वाचलं. नावातलं नुसतं 'अश्वि' एवढंच त्यावर होतं.

"बाकीची मी कुठंय?"

"पिठाच्या डब्यात," सुदर्शन म्हणाला.

ती उतरली आणि पिशवी घेऊन घराकडं चालायला लागली. तिला हाक मारायची म्हणून सुदर्शननं काच खाली करायला बटण दाबलं.

वायपर फिरले.